सालाझारची तिजोरी

भाईंदरमध्ये पोर्तुगीज म्हटलं की कुणालाही आठवते ती १७३९ सालची वसई. खाडीपलीकडे वसईचा किल्ला, इकडे डोंगरी-उत्तनच्या अंगाला धारावीचा किल्ला, चिमाजी आप्पा, हत्तीवरून आणलेल्या घंटा. शाळेच्या पुस्तकातला धडा तिथे संपतो आणि पोर्तुगीज हे आपल्या लेखी पेशवाईतलं जुनं प्रकरण होऊन बसतं. पण भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारी या गावांभोवती गेल्या चाळीसेक वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत सावंतवाडी, वेंगुर्ले, बांदा, दोडामार्ग, पेडणे या बाजूची कितीतरी घरं आहेत. लालबाग-परळच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्या सोडून ही माणसं इकडे आली. त्यांच्यातल्या वयाच्या ऐंशीपुढच्या पिढीसाठी पोर्तुगीज म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं राज्य. ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकलं होतं, आणि त्याची चौकी तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे होती.

या मंडळींकडे गोव्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: तेव्हा गोव्यात सगळं स्वस्त होतं. घड्याळं स्वस्त, कापड स्वस्त, दारू स्वस्त. वर शिस्त होती, चोऱ्यामाऱ्या नव्हत्या. हे वाक्य खोटं नाही, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. स्वस्ताई खरी होती. ती कुठून आली आणि तिचे पैसे कुणी भरले, हे मात्र त्या आठवणीत नसतं. त्यासाठी लिस्बनला जावं लागतं.

पोर्तुगालमधली राजेशाही १९१० मध्ये गेली आणि प्रजासत्ताक आलं. गोव्यातल्या हिंदूंसाठी ती सोळा वर्षं मोठ्या आशेची होती. धर्मावरून होणारा भेद कायद्यातून गेला, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली, वर्तमानपत्रं निघाली, मराठी शाळांना आणि वाचनालयांना बळ आलं. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळं आली नि गेली, महागाईने लोक मेटाकुटीला आले. २८ मे १९२६ रोजी जनरल गोमेश द कोश्ता यांनी ब्रागा शहरातून बंड पुकारलं आणि सैन्याने सत्ता घेतली. संसद बरखास्त झाली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. सत्ता हाती आली तरी लष्कराला राज्याचा हिशेब जमेना. म्हणून एप्रिल १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार यांना अर्थमंत्री केलं गेलं. त्यांनी आधीच अट घातली होती की प्रत्येक खात्याच्या खर्चावर शेवटचा शब्द आपला राहील. वर्षभरात अंदाजपत्रक शिलकी झालं. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले, १९३३ मध्ये नवं संविधान आलं आणि या राजवटीने स्वतःला 'नवं राज्य' असं नाव दिलं.

सालाझार गणवेशातला माणूस नव्हता, त्यामुळे त्यांच्या राजवटीला लष्करी म्हणावं का, असा प्रश्न पडू शकतो. पण १९२६ ते १९७४ या काळात पोर्तुगालचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष सैन्यातलाच होता. कार्मोना, क्रावेरो लोपेश, अमेरिको तोमाश हे तिघंही सेनाधिकारी. गोव्याचे शेवटचे दोन गव्हर्नर जनरल, बेनार्द गेदिश आणि व्हासालो ई सिल्वा, हेही लष्करातलेच. आणि गोव्यात ज्याने ज्याने तोंड उघडलं, त्याचा खटला 'त्रिबुनाल मिलितार' या लष्करी न्यायासनापुढे चालला. ज्याला शिक्षा झाली, त्याच्यासाठी ते राज्य लष्कराचंच होतं.

गोव्याच्या वाट्याला या हुकूमशाहीचा पहिला फटका १९३० मध्ये आला. 'आक्तो कोलोनियाल' म्हणजे वसाहतींचा कायदा जुलै महिन्यात जाहीर झाला. परक्या भूमी ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं अंगभूत कार्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. कालपर्यंत कागदावर तरी नागरिक असलेली माणसं एका फटक्यात रयत झाली. त्याच महिन्यात पणजीच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी उभं राहून या कायद्याचा निषेध करणारा आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. पुढच्या तीस वर्षांत असं बोलण्याची जागाच उरली नाही. सेन्सॉर इतका बारीक होता की लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासून घ्यावी लागे. सभेला परवानगी, मिरवणुकीला परवानगी. ज्या शिस्तीची आजही आठवण निघते, तिचं रोजच्या जगण्यातलं रूप हे होतं.

आता पैशाकडे येतो. प्रत्येक वसाहतीने आपलं अंदाजपत्रक आपण जुळवायचं, लिस्बनच्या तिजोरीला तोशीस लावायची नाही, हा सालाझार यांचा दंडक. गोव्यात उद्योग जवळजवळ नव्हता. भात वर्षभर पुरत नसे. वीज मोजक्या शहरांत. उच्च शिक्षणाच्या नावाने पणजीचं लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, आणि वैद्यकीय शाळा. बाकी शिकायचं तर मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठायचं. सहा लाखांच्या आसपास लोकसंख्येचा हा प्रदेश चालत होता तो बाहेर गेलेल्या माणसांच्या जिवावर. धोबीतलाव आणि माझगावच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गावागावाच्या नावाने चालणाऱ्या बिऱ्हाडांत, एकेका लाकडी पेटीवर आपला संसार मांडून खलाशी, आचारी, वादक, शिंपी राहत आणि गावी मनिऑर्डर करत. गिरगावात, गिरणगावात गोव्याकडची हिंदू माणसं राहत, तीही तेच करत. गोव्यातल्या गरीब मजुरांना आसामच्या चहामळ्यांत नेलं जाई, तिथल्या हालांविरुद्ध त्रिस्ताव द ब्रागांसा कुन्य यांनी मोहीम उघडली होती. अंदाजपत्रक शिलकी राहत होतं कारण खाणारी तोंडं सरहद्दीपलीकडे कमवायला गेली होती. कुठल्याही सरकारी ताळेबंदात हा रकाना नव्हता.

१८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस सभेला उभे राहिले, ती गोष्ट आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत आहे. त्यानंतर गोव्यातल्याच माणसांचं काय झालं, ते कमी सांगितलं जातं. लोहियांना पोर्तुगिजांनी सरहद्दीबाहेर सोडून दिलं, कारण ते परके होते. कुन्य मात्र त्यांच्या हातातले. पंचावन्न वर्षांच्या या माणसावर लष्करी न्यायासनापुढे खटला चालवून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या समुद्रकिल्ल्यात नेऊन टाकलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियो द लोयोला हेही तिकडेच रवाना झाले. हद्दपारी हे या राजवटीचं आवडतं हत्यार होतं. माणूस गावातल्या तुरुंगात असला की भेटायला येणारे नातेवाईक असतात, गर्दी जमते, चर्चा होते. तो हजारो मैलांवर गेला की घरच्यांच्या हाती एक पत्र उरतं, तेही सेन्सॉरने उघडलेलं.

बोलण्याची किंमत काय होती, हे बघायचं तर म्हापशातली १७ फेब्रुवारी १९५४ ची रात्र बघावी. निरोपाची मेजवानी होती. शहरातली प्रतिष्ठित माणसं टेबलाभोवती बसलेली, त्यांत डॉ. पुंडलिक गायतोंडे. लिस्बनला शिकलेले शल्यविशारद, बायको एदिला अझोर्स बेटांवरची पोर्तुगीज. अशा माणसाकडून राजवटीला कसलं भय? जेवणानंतर भाषणं झाली आणि एका वक्त्याने गोवा हा पोर्तुगालच आहे असा सूर लावला. गायतोंडे यांनी बसल्या जागेवरून एक शब्द उच्चारला: 'प्रोतेश्तु'. मी निषेध करतो. घोषणा नाही, पत्रक नाही, बंदूक तर नाहीच. त्या एका शब्दासाठी त्यांना अटक झाली आणि पत्नीसह लिस्बनला पाठवण्यात आलं. ज्या डॉक्टरच्या हाताखालून निम्मं म्हापसा गेलं होतं, त्यालाच उचललं, तेव्हा आजवर गप्प असलेली माणसंही हलली.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. आपल्या भाईंदरवरून जाणारी गाडी ज्या वापीला थांबते, तिथून ते काही मैलांवर. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर अशी मराठी माणसं त्या मोहिमेत होती. हत्यारांसाठी पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम झाला होता. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, सत्याग्रह्यांच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या. मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे, जुलैत मधू लिमये. गोरे आणि लिमये यांना लष्करी न्यायासनाने दहा-बारा वर्षांच्या शिक्षा फर्मावल्या; ते १९५७ मध्ये सुटले. एप्रिलमध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या त्या पुण्याहून गेलेल्या सुधाताई जोशी, महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी. बोलायला सुरुवात करताच अटक, आणि पुढची वर्षं तुरुंगात. घरी नवरा भारतभर हिंडून लिहिणारा. आपल्या सांस्कृतिक इतिहासात महादेवशास्त्रींचा 'भारतीय संस्कृतिकोश' सगळ्यांना ठाऊक असतो; सुधाताईंच्या तुरुंगवासाला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे, ही गोष्ट मला खटकते.

१५ ऑगस्ट १९५५. हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी सरहद्द ओलांडू लागले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग पडले. बांद्याहून पत्रादेवी चालत जाण्याजोगं अंतर. तिथल्या घरांनी तो आवाज ऐकला, जखमींना पाणी दिलं. मुंबईत दुसऱ्या दिवशी कडकडीत हरताळ झाला.

आता त्या स्वस्ताईचा उगम. गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी पक्की केली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी, १८८८ पासून चालू असलेली रेल्वे थांबली. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या आगबोटी बंद. मनिऑर्डरीही बंद. येण्याजाण्याला परवाना. मुंबईतल्या मुलाला गावी आई आजारी आहे हे कळूनही वेळेवर पोचता येईना. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी होत्या, देवस्थानं होती, एकाचं घर इकडे आणि शेत तिकडे होतं. त्या सगळ्यावर कुलूप पडलं. या नाकेबंदीचा चटका गव्हर्नर जनरलच्या वाड्याला बसण्याआधी पेडण्यातल्या आणि सावंतवाडीतल्या गरिबाला बसला. हेतू योग्य असला तरी हे नोंदवायलाच हवं.

लिस्बनने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे खाणी. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतल्या डोंगरांत लोहखनिज आहे हे आधीपासून माहीत होतं. १९०६ च्या वसाहती कायद्याने खाणींचे 'कन्सेशन', म्हणजे खनिज काढायचे हक्क, देता येत, आणि ते कायमचे असत. महायुद्धानंतर जपानला आपले पोलादाचे कारखाने पुन्हा उभे करायचे होते. त्यांना लोहखनिज हवं होतं, यंत्रांसाठी आगाऊ पैसे द्यायची तयारी होती. दशकाच्या सुरुवातीला काही लाख टनांवर असलेली निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या पुढे गेली. डोंगर फोडायचा, खनिज बार्जमध्ये भरून मांडवी आणि झुआरीतून मुरगावला न्यायचं, तिथून जहाजात. सुरुवातीच्या वर्षांत बरंचसं काम हातांनी होई, बायका डोक्यावरून टोपल्या वाहत. संप करणं १९३३ च्या कामगार कायद्यानेच गुन्हा ठरलं होतं, संघटना काढायची सोय नव्हती. मजुरी मालक म्हणेल ती.

या खनिजाच्या परकीय चलनावर गोव्याचा बाजार भरला. जुनी माणसं अजून यादी म्हणून दाखवतात: बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातून, सिमेंट जपानचं. स्विस घड्याळं, नायलॉन, स्कॉच. दोडामार्ग-बांद्याच्या रानवाटांनी रात्री यातला माल इकडे येई, सोनंही येई, आणि त्यावर दोन्हीकडे काही घरं श्रीमंत झाली. म्हणजे कांदे-बटाटे शेजारच्या बेळगावहून येण्याऐवजी अर्धी पृथ्वी ओलांडून येत होते, त्याची किंमत सत्तरीचा डोंगर चुकवत होता, आणि तो डोंगर फोडणाऱ्या बाईला त्या घड्याळाचा काही उपयोग नव्हता. राजवटीच्या अखेरीस गोव्यातली साक्षरता ३० टक्क्यांच्या आसपास होती. नायलॉन मिळत होतं, पण दर दहांतल्या सात माणसांना त्यावरचं लेबल वाचता येत नव्हतं. १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो हे चलन आणून भारताशी असलेला पैशाचा उरलासुरला धागाही तोडला गेला.

त्या वर्षांत गोव्यातल्या माणसाला सेन्सॉर न झालेली बातमी मिळण्याची एक वाट सावंतवाडी तालुक्यातून होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केलं. नंतर ते कॅसलरॉकला हललं. दाट रान, जळवा, कोसळणारा पाऊस, आणि ठरलेल्या वेळी कोंकणी व पोर्तुगीजमधून बातम्या. सहा वर्षं हे अखंड चाललं. गोव्यात लोक दारं लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. १९ डिसेंबर १९६१ रोजी हे दोघं विमानातून पणजीवर फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर.

भारतीय सेना १७-१८ डिसेंबरच्या रात्री आत शिरली आणि छत्तीस-चाळीस तासांत सगळं आटोपलं. लिस्बनहून सालाझार यांची आज्ञा अशी होती की सैनिक आणि खलाशी एक तर विजयी व्हावेत किंवा मरावेत. शरणागती मान्य नाही. हाताशी साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक आणि एक जुनं लढाऊ जहाज. व्हासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम मानला नाही, शहर उद्ध्वस्त होऊ दिलं नाही आणि १९ तारखेला शरणागतीच्या कागदावर सही केली. त्याबद्दल सालाझारने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. हजारो जीव वाचवणाऱ्या या अधिकाऱ्याला आपला मान परत मिळायला १९७४ उजाडावं लागलं. १९८० मध्ये ते गोव्याला पाहुणे म्हणून येऊन गेले आणि लोकांनी त्यांना आदराने वागवलं.

या धांदलीत एक गोष्ट घडली, जिचा गोव्यातल्या घराघराशी संबंध आहे. गोव्यात बँक एकच, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. पेरणीला, लग्नाला, आजारपणाला पैसे लागले की लोक तिथे दागिने गहाण ठेवत. आपल्याकडे अडीनडीला सोनं ठेवतात तसंच. सेना येणार याची चाहूल लागताच बँकेने हे सोनं लिस्बनला हलवलं. बांगड्या, पाटल्या, गळ्यातल्या माळा, ज्यांच्यावर थोडंसं कर्ज काढलं होतं आणि ते फेडून जे परत आणायचं होतं, ते सगळं समुद्रापार. पावत्या लोकांच्या ट्रंकांत राहिल्या. दोन देशांत राजनैतिक संबंधच नव्हते, दाद मागायची कुणाकडे? पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण मान्य केलं १९७४ च्या शेवटी, आणि वाटाघाटी होऊन ते दागिने परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं. जिने पाटली ठेवली होती ती बाई तोवर बहुधा गेलेली, वारस चार ठिकाणी पांगलेले, कुणाची पावती वाळवीने खाल्लेली. ज्या लेकीच्या लग्नात ते सोनं अंगावर यायचं होतं, तिच्या लेकीचंही लग्न होऊन गेलेलं. हुकूमशाहीचा आर्थिक वारसा म्हणून मोठमोठे आकडे मांडले जातात. मला त्या सगळ्यांपेक्षा ही एक गहाणाची पावती जास्त सांगून जाते.

कारण तिकडे लिस्बनमध्ये सोन्याचीच रास होती. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, जर्मनीला टंग्स्टनचं खनिज विकलं आणि बदल्यात सोनं घेतलं. सालाझार ते साठवत राहिले. १९७४ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेत ८०० टनांहून अधिक सोनं होतं, आणि त्याच वेळी पोर्तुगाल पश्चिम युरोपातला सर्वांत गरीब देश होता. पोटासाठी दहा लाखांच्या आसपास माणसं फ्रान्स आणि इतर देशांत गेली होती, कित्येक चोरून डोंगर ओलांडून. अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये १९६१ पासून तेरा वर्षं चाललेल्या युद्धांत जवळपास नऊ हजार पोर्तुगीज सैनिक मेले. आफ्रिकेतल्या मेलेल्यांची तर नीट मोजदादही नाही. सरकारी खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या घरातला वाटा सैन्यावर जात होता. तिजोरी भरलेली आणि गाव रिकामं, हे गोव्यात जसं होतं तसंच पोर्तुगालच्या खेड्यांतही होतं. सालाझार यांच्या राजवटीने स्वतःच्या माणसांनाही वेगळं वागवलं नाही, आणि म्हणूनच त्या देशातल्या सामान्यांबद्दल मनात अढी धरण्याचं आपल्याला कारण नाही.

छळाचीही तीच तऱ्हा. पन्नासच्या दशकात गोव्यात कासिमिरो मोंतेरो या पोलिसाच्या नावाने लोकांचा थरकाप उडे. ताब्यात आलेल्या सत्याग्रह्यांना त्याने केलेल्या मारहाणीच्या हकिकती कैद्यांच्या आठवणींत जागोजाग आहेत. याच मोंतेरोने पुढे, १९६५ मध्ये, सालाझारविरोधी पोर्तुगीज नेते जनरल उम्बेर्तो देल्गादो यांची स्पेनच्या सरहद्दीजवळ हत्या केली. वसाहतीत हात साफ झालेला माणूस राजवटीने मायदेशातल्या विरोधकांवर वापरला.

आणि मोहन रानडे. सांगलीचा हा तरुण, मूळ नाव मनोहर आपटे, फोंड्याजवळच्या सावईवेऱ्याला मराठी शाळेत मास्तर म्हणून गेला आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारकांच्या संघटनेत काम करू लागला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडला गेला. शिक्षा २६ वर्षं. लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात त्यांना हलवलं, बराच काळ एकांतकोठडीत ठेवलं. गोवा मुक्त झाला, पणजीत तिरंगा चढला, निवडणुका झाल्या, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावोगाव शाळा निघाल्या, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावरचा १९६७ चा जनमत कौल होऊन गेला, आणि हा माणूस अजून कोठडीतच. भारताला त्यांना सोडवून आणता येईना, कारण लिस्बनशी बोलणंच बंद होतं. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी ध्यास घेतला, समिती काढली, दारोदार फिरले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी रोमला पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तेलो मास्कारेन्यश हे कवी-संपादक तर १९७० मध्ये बाहेर आले, म्हणजे ज्या प्रदेशासाठी शिक्षा भोगत होते तो स्वतंत्र होऊन आठ वर्षं उलटल्यावर. त्याच वर्षी जुलैत सालाझार मेले. रानडे पुण्यात २०१९ च्या जूनमध्ये वारले, तेव्हा वर्तमानपत्रांत आलेली बातमी लहानशीच होती.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या तरुण कॅप्टनांनीच ही राजवट उलथली. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. त्या अधिकाऱ्यांच्या मनात आफ्रिकेतल्या युद्धांचा वीट होता, तसाच गोव्याचा सलही होता. अशक्य लढाईचा हुकूम द्यायचा आणि हरल्यावर अधिकाऱ्यांना बदनाम करायचं, ही लिस्बनची चाल त्यांनी १९६१ मध्ये पाहिली होती. सैन्याने आणलेली सत्ता ४८ वर्षांनी सैन्यानेच घालवली.

गोव्यात जे राहिलं ते खाणी. स्वातंत्र्य आलं, राज्यकर्ते बदलले, आणि पोर्तुगीज काळातले कायमचे कन्सेशन तसेच चालू राहिले. ते रद्द करून साधे खाणपट्टे करणारा कायदा संसदेने केला १९८७ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षं उशिरा. नंतर चीनची मागणी वाढली, ट्रकांच्या रांगा लागल्या, लोकांनी कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतले. डोंगर उतरणीला लागले, पावसात माती वाहून शेतात आली, विहिरींचं पाणी खाली गेलं. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा खाणकामाने बुडालेली रक्कम सुमारे ३५ हजार कोटी रुपये धरली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये सांगितलं की पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी पुन्हा नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द केले. डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले. डोंगर कुणाचा, हे त्याखालच्या गावाला विचारण्याची पद्धत सालाझारच्या काळात नव्हती. १९६१ नंतर ती आपोआप येईल असं आपण मानलं आणि ती आली नाही.

भाईंदर पूर्वेतल्या ज्या घरांचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्यांतल्या काहींच्या पुढच्या पिढीपुढे आता वेगळाच कागद आला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. पेडण्याच्या आजोबांचा जन्मदाखला जुन्या पोर्तुगीज नोंदवहीत सापडला की नातू त्यावर पासपोर्ट काढी आणि इंग्लंडमध्ये गोदामात किंवा कारखान्यात कामाला लागे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ही वाट अरुंद झाली, पण अर्ज अजून होतात. त्या मुलांना गावी पैसे पाठवायला आता मनिऑर्डर लागत नाही; घरं मात्र पुन्हा बाहेरच्या कमाईवर चालू आहेत.